जंगलात म्हातारी झाडं दिसतायत, त्यांची पोरं कुठायत?

डोंगरवेडा

बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय म्हणून धागाच काढतो. हवामान बदल म्हटलं की आपल्याकडे चर्चा होते ती पूर, दरडी, उष्माघात आणि हापूसच्या गळलेल्या मोहोराची. जंगलाचा विषय निघालाच तर वणव्याच्या फोटोपुरता. पण वणवा न लागता, कोणी कुऱ्हाड न लावता सुद्धा जंगल संपत जाऊ शकतं आणि ते आपल्याला कळणार पण नाही असं मला वाटायला लागलंय.

भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोली हा जो वरचा सदाहरित पट्टा आहे तिथे जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही मंडळी. मोठी झाडं मस्त उभी आहेत, वर बघितलं तर ऊन खाली येत नाही. पण अधेमधे असे तुकडे लागतात की मनगटाएवढ्या जाडीचं किंवा कमरेएवढ्या उंचीचं जांभूळ शोधून सापडत नाही. एकतर आजोबा, नाहीतर यंदा रुजलेली दोन-चार पानांची रोपं. मधली पिढी गायब.

जांभळाचंच घ्या. गहू-ज्वारीचं बी वर्षभर कणगीत राहतं, जांभळाचं बी वाळलं की मेलं, काही आठवड्यांत कामातून जातं. झाडाचा सगळा हिशोब असा की फळ पिकणार मे अखेर ते जूनमध्ये, पडलं की लगेच पाऊस, लगेच रुजणं. आता २०२३ आठवा. केरळात मान्सून ८ जूनला आला, मुंबईत पोचायला २५ जून उजाडला (दिल्लीत पण त्याच दिवशी, गंमतच सगळी), आणि त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. नंतर २०२५ ला एकदम उलटं, २६ मेलाच मुंबईत हजर. सरासरी काढली तर सगळं ठीक दिसेल. पण बी सरासरीवर रुजत नाही ना, ते त्या त्या वर्षीच्या पावसावर रुजतं.

आणि रुजलं तरी पुढे काय? जून ते ऑक्टोबर एवढाच वेळ मूळ खाली न्यायला, मग सात-आठ महिने कोरडे. खाली बेसॉल्ट नाहीतर जांभा, वर माती वीतभर. मोठं झाड खडकाच्या फटीत मुळं घालून बसलंय, त्याचं भागतं. वीतभर मुळाच्या रोपाचा मार्चमध्ये निकाल लागतो. म्हणजे आज उभं असलेलं शंभर वर्षांचं झाड हा शंभर वर्षांपूर्वी इथे रोप जगत होतं याचा पुरावा आहे, आज जगतंय याचा नाही.

तुमच्या भागात काय दिसतंय ते लिहा. फोटो नसले तरी चालतील, निरीक्षण हवंय.

तळकोकणी

पण पाऊस तर वाढलाय म्हणतात ना? २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी पडला होता. एवढ्या पावसात रोप तहानलेलं मरतं हे काय पटत नाही बुवा.

डोंगरवेडा

@तळकोकणी, तो पाऊस झाडाच्या कामाचा किती हा प्रश्न आहे. वीतभर मातीत मावणार तेवढंच पाणी मावतं, बाकीचं वरून वाहून जातं, जाताना पालापाचोळा, बी आणि माती पण घेऊन जातं. रोपाला ५९४ मिमी एका दिवसात नकोय, ऑक्टोबरच्या शेवटी दोन बऱ्या सरी हव्यात. आणि त्याच आठवड्यात ज्या दरडी कोसळल्या त्या उतारांवर आता नुसता मुरूम आणि खडक आहे, तिथे आधी गवत येईल, मग झुडपं, जंगल परत यायला किती पिढ्या जातील कोण जाणे.

खवचट_काका

आला का परत हवामान बदलाचा बागुलबुवा. अहो हीच झाडं १८७६ चा दुष्काळ बघून बसलीत, छप्पनियाचा (१८९९-१९०० चा) बघितला, १९७२ चा तर मी स्वतः बघितलाय, सुकडी खाऊन दिवस काढलेत आम्ही. जंगल होतं तिथेच आहे. आणि शाळेत शिकवलं होतं की कार्बन डायऑक्साइड हे झाडाचं अन्न, मग तो वाढला तर झाडं खूशच होणार की. तुमचं जांभूळ गुरांनी खाल्लं असेल, उगाच पावसाला कशाला शिव्या.

अनघा_क

काका, गुरांचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर नंतर येते. पण ७२ चं उदाहरण नीट बघायला हवं. तेव्हा पाऊस कमी पडला, हवा आताइतकी तापलेली नव्हती. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान साधारण ०.७ डिग्रीने वाढलंय, सरकारचाच अहवाल आहे. ०.७ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण हवा एक डिग्रीने तापली की ती जवळपास सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. तेवढं बाष्प तिला मिळालं नाही तर ती मिळेल तिथून ओढते, मातीतून आणि पानांतून. म्हणजे ७२ इतकाच पाऊस आज पडला तर झाडाला तो ७२ पेक्षा कमी पुरेल.

झाड तहानेनं मरतं म्हणजे नक्की काय होतं ते पण सांगते, कारण ते भारी इंटरेस्टिंग आहे. खोडात पाणी चढवणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या स्ट्रॉ समजा. वरून पानं पाणी ओढतायत, खाली मुळाशी पाणी नाही, ओढ एवढी वाढते की मधेच हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बाद. अशा पुरेशा नळ्या बाद झाल्या की फांद्या शेंड्याकडून वाळायला लागतात. हे टाळायला झाड पानांवरची रंध्रं बंद करून घेतं. पण रंध्रं बंद म्हणजे तुमचा कार्बन डायऑक्साइड पण आत येणं बंद! मग साठवलेल्या स्टार्चवर दिवस काढायचे. जास्त दिवस काढले की कीड-बुरशीशी लढायला काही उरत नाही. म्हणजे एकीकडे तहान, दुसरीकडे उपासमार, आणि कुठलं दार किती वेळ उघडं ठेवायचं हे प्रत्येक प्रजातीचं वेगळं गणित असतं. काही शेवटपर्यंत रिस्क घेतात, काही लवकर शटर ओढतात.

कार्बन डायऑक्साइड वाढल्याने थोडा फायदा होतो, नाही असं नाही. पाणी थोडं वाचतं, वाढ थोडी जास्त होते. पण ती वाढ नायट्रोजन-फॉस्फरस आणि पाण्यावर अडते. शिवाय भराभर वाढलेली झाडं लवकर मरतात असा कल जगभरातल्या बऱ्याच प्रजातींमध्ये दिसलाय.

खवचट_काका

बरं बाई. पण आमच्या वेळी जांभळं जास्त गोड होती एवढं मात्र खरं 😄

सॅन_होजेकर

इकडचं सांगतो, कारण इकडे हे सिनेमासारखं डोळ्यांसमोर झालं. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ सलग दुष्काळ होता. योसेमिटीला जाताना आधी डोंगर हिरवे दिसायचे, मग मधेमधे तपकिरी ठिपके, मग अख्खे उतारच्या उतार तपकिरी. अमेरिकन वनखात्याने विमानातून पाहणी करून काढलेला आकडा असा की २०१० ते २०१७ मध्ये या एका राज्यात १२ कोटी ९० लाख झाडं मेली. परत वाचा, कोटी.

सिएरा नेवाडा म्हणजे इथली मोठी डोंगररांग, तिच्या दक्षिण भागात सगळ्यात जास्त मार बसला तो पॉन्डेरोसा पाइनला. आणि बहुतेकांना शेवटी मारलं ते तांदळाच्या दाण्याएवढ्या भुंगेऱ्याने. निरोगी पाइनला भुंगेरा लागला की ते डिंक सोडून त्याला बुडवून टाकतं. तहानलेल्या झाडाकडे डिंक बनवायला पाणी आणि साखर दोन्ही नाही. भुंगेरे तिथे नेहमीच होते, त्यांना दरवाजा दुष्काळाने उघडून दिला. आणि अजून एक, इथे शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत बसले त्यामुळे जंगल नको तितकं दाट झालेलं, त्याच पाण्यात खाणारी तोंडं जास्त. त्यामुळे सगळं खापर हवामानावर फोडता येत नाही हे पण खरं.

ते जायंट सेकोया माहितीयत ना, दोन-तीन हजार वर्षं जगणारे? त्यांची साल जवळपास दोन फूट जाड असू शकते, आगीची त्यांना सवय आहे, किंबहुना आगीच्या उष्णतेनेच त्यांचे शंकू उघडतात आणि बी पडतं. तरी २०२० च्या कॅसल फायरमध्ये सिएरातले जेवढे म्हणून मोठे सेकोया आहेत त्यातले अंदाजे १० ते १४ टक्के एका आगीत गेले. आता धागाकर्त्याच्या मुद्द्याकडे येतो. जिथे आग फार तीव्र होती तिथे शंकू पण जळले आणि नंतर पुरेशी रोपंच आली नाहीत, मग नॅशनल पार्कवाल्यांनी रोपं आणून लावायला घेतली. त्यावरून इथे भांडणं चालू आहेत, संरक्षित रानात माणसाने हात घालावा की नाही म्हणून.

हानोव्हरची_मनीषा

इकडे जर्मनीत आमच्या जवळच्या हार्त्स डोंगरात पण तेच. २०१८ पासून लागोपाठ कोरडी वर्षं आली आणि स्प्रूसची (सूचिपर्णी) झाडं अक्षरशः उभ्या उभ्या वाळली. भुंगेरा तोच प्रकार, गरम वर्षी दोनाऐवजी तीन पिढ्या काढतो. पहिल्यांदा ब्रोकेनला, म्हणजे तिथल्या सगळ्यात उंच शिखरावर गेले तेव्हा राखाडी काटक्यांचं रान बघून पोटात गोळा आला. पण एक सांगू का, तो बराचसा स्प्रूस खाणींच्या लाकडासाठी माणसानेच लावलेला, तोही त्याला न मानवणाऱ्या खालच्या उंचीवर. आणि नॅशनल पार्कच्या भागात मेलेली झाडं तशीच ठेवलीत, त्यांच्या आडोशाला आता रोवन आणि बर्चची रोपं भरपूर आलीत. म्हणजे स्प्रूस गेला, जंगल गेलं नाही. म्हणून मला 'जंगल मेलं' म्हणताना जरा थांबावंसं वाटतं.

जंगलभाऊ

राम राम मंडळी. मी वनखात्यात होतो, आता रिटायर हाव, गडचिरोली-चंद्रपूर भागातच उभी नोकरी गेली. तुमचं सदाहरित रान नाजूक बाप्पा, आमचं रान लय चिवट. सागाचं रोपटं तुम्ही मेलं म्हणसान तर ते मरत नाही. वरचा कोंब उन्हाळ्यात वाळते नाहीतर वणव्यात जळते, खाली मूळ जितंच राहते. पाऊस पडला का पुन्हा कोंब. असं बरीच वर्षं चालते, मूळ जाड होत जाते, अन् मग एखाद्या वर्षी असा सोटा निघते का पुढच्या वणव्याच्या डोक्यावरून जाते. धावडा, ऐन, तेंदू, सगळ्यायची थोडीफार हीच तऱ्हा. म्हणून आमच्या इकडे रोपं मोजायला गेले तर फसगत होते, दिसते वीतभर अन् मूळ असते जुनं.

पण त्याले दोन-तीन वर्षं सलग बिनवणव्याची पाहिजेत, तवाच तो सोटा वर जाते. आता घोडं पेंड खाते तिथंच. उन्हाळा तापला, गवत-पाला लवकर वाळला, वणवा दरवर्षी. आम्ही जाळरेषा काढतो, ब्लोअर आले, सॅटेलाइटवरून मोबाइलवर मेसेज येते का अमुक बीटमध्ये आग लागली म्हणून. पण पोहोचेपर्यंत मूळ सोडून सगळं साफ. दरवर्षी जाळून जाळून त्या मुळातलाही दम कधीतरी संपतेच ना.

अन् मोहाचं तर वेगळंच दुखणं हाय. मोहफुलं वेचाले सोपी जावी म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला जाळतात. फुलं गोळा, मग फळं-बिया तेलासाठी गोळा, खाली बी राहिलंच तर पुढच्या साली पुन्हा आग. म्हणून धुऱ्यावरचे मोहाचे झाडं पाहा, सगळे आजे-पणज्याच्या वेळचे. यात हवामानाचा हात किती अन् आपला किती, तुम्हीच सांगा. वरून आता मार्चमध्ये ढग, गारा. फूल गळून मातीत जाते, वेचणाऱ्याचं वर्षाचं मीठ-मिरची गेलं. लोकायले दोष द्याचा नाही मले, त्यायचा तो रोजगार हाय. खाली जाळी अंथरली तर पाला जाळा लागत नाही, काही गावायनं ते सुरू केलं, चांगलं चाललं.

अनघा_क

जंगलभाऊ, जबरदस्त प्रतिसाद. पानगळीच्या जंगलाची स्ट्रॅटेजीच वेगळी आहे. उन्हाळ्यात पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण. पण त्यातही एक गोम आहे, यातली बरीच झाडं पाऊस यायच्या आधीच, एप्रिल-मेच्या भर उन्हात नवी पालवी काढतात. कुसुमाची लालभडक पालवी सगळ्यांनी बघितली असेल. ते पाणी येतं खोल मातीतून, म्हणजे गेल्या पावसाळ्यातली शिल्लक. ती शिल्लकच नसेल तर?

आणि मोठी झाडं लगेच मरत नाहीत हे पण लक्षात घ्या. तामिळनाडूत मुदुमलईला बंगळुरूच्या आयआयएससीवाल्यांनी १९८८ पासून ५० हेक्टरचा तुकडा आखून त्यातल्या प्रत्येक झाडाची नोंद ठेवलीय. त्यांना असं दिसलं की कमी पावसाचा परिणाम मोठ्या झाडांच्या मरणात दोन-तीन वर्षांनी उमटतो. लहान झाडांचं मरण तिथे जास्त करून आगीशी जोडलेलं निघालं. म्हणजे दुष्काळ पडला त्या वर्षी जाऊन 'सगळं ठीक आहे' म्हणून फोटो टाकण्यात काही अर्थ नाही.

खवचट_काका

आता एक साधा प्रश्न. दर दोन वर्षांनी सरकारचा वन अहवाल येतो, त्यात हिरवळ वाढल्याचं सांगतात. मग खोटं कोण बोलतंय, सॅटेलाइट का तुम्ही?

डोंगरवेडा

कोणीच नाही. त्या अहवालात वनाच्छादन म्हणजे किमान एक हेक्टर जागा आणि तिच्यावर किमान दहा टक्के झाडांची सावली, मालकी कोणाची का असेना, झाड कुठलं का असेना. आंब्या-काजूची बाग, रबर, बांबू सगळं त्यात धरतात. व्याख्या लिहून ठेवलीय, लपवलेली नाही. पण वरून बघणाऱ्याला छत्र दिसतं, छत्राखाली रोप आहे की नाही ते दिसत नाही. आजोबा मरेपर्यंत सॅटेलाइटला घर भरलेलंच दिसणार.

दोडामार्गवाला

रबराचा विषय निघालाच आहे तर. आमच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाची दलदल आहे, देवाची जागा म्हणून टिकली. गोव्यात सत्तरीत निरंकाराची राई तशीच. बारमाही पाण्यात उभी राहणारी झाडं, श्वास घ्यायला मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर काढतात. बी मोठं, तेही वाळलं की संपलं, आणि ते पळवून नेणारे पक्षी म्हणजे धनेश वगैरे. ही झाडं पाण्यावाचून एक उन्हाळा पण काढू शकणार नाहीत. आता व्हाळाचं पाणी पूर्वीपेक्षा लवकर आटतं असं म्हातारे सांगतात. पाऊस कारण असेल, पण वरच्या डोंगरावर रान तोडून रबर-अननस लागला, बोअर मारल्या, ते काय थोडं झालं? देव कोणाकोणाला राखणार. आमच्यासाठी हवामान बदल हा शेवटचा धक्का आहे, आधी ढकलत आपणच आणलंय.

जुन्नरकर

हिरड्याबद्दल. आमच्याकडे जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात बाळहिरडा हा पैशाचा मोठा आधार. बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ, ते पिकायच्या आत काढायचं, वाळवायचं, विकायचं. पिकलेलं फळच खाली पडत नाही तर रोप कुठून येणार, हा प्रश्न आमच्या आजोबांनी पण विचारला होता, तेव्हा हवामान बदल हा शब्द पण नव्हता. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, ऐन तोडणीच्या दिवसांत. फळ गेलं आणि झाडं पण पडली. नुकसानभरपाई मिळावी म्हणून लोकांना कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली. जुनं झाड पडलं की त्या जागी रोप नसतं हे तेव्हा सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. तिथे आता रानमोडी नावाचं तण माजलंय.

डोंगरवेडा

जुन्नरकर, अगदी. वादळ एका रात्रीत मोठी झाडं पाडतं, पण पुढच्या पन्नास वर्षांत तिथे काय उभं राहणार ते खाली काय वाट बघत होतं त्यावर ठरतं. खाली जांभळा-हिरड्याची रोपं असती तर उजेड मिळाल्यावर ती सरसर वर गेली असती. नव्हती, म्हणून रानमोडी.

पेन्शनर_पद्मा

आमच्या सोसायटीतला सोनमोहर पण यंदा वाळला. काय टाकावं मुळाशी?

जंगलभाऊ

पद्माताई, बुडाभोवती सिमेंटचा ओटा बांधला असन तर तो फोडा आधी.

ट्रेकर_निनाद

झाडं हळूहळू वर सरकतील ना थंडाव्याला? हिमालयात तसं होतंय असं वाचलं होतं.

डोंगरवेडा

निनाद, हिमालयाला वर जागा आहे. आपला हिशोब करून बघ. उंची १५० मीटरने वाढली की तापमान साधारण एक डिग्रीने उतरतं. म्हणजे ०.७ डिग्रीची भरपाई करायला झाडाने जवळपास शंभर मीटर वर जायला हवं. महाबळेश्वरचं पठार आहे साधारण १३५० मीटरवर आणि तिथली सगळ्यात उंच जागा विल्सन पॉइंट १४३९. संपला डोंगर. कळसूबाई धरली तरी १६४६, आणि तिच्या माथ्यावर जंगल वाढायला माती कुठाय. तापमान हा एकच निकष नाही हे मान्य, दरीत सावली-ओलावा असतो, तिथे झाडं टिकून राहतील. पण दरीत जायला सुद्धा बी कोणीतरी न्यायला पाहिजे. जांभूळ वटवाघळं, माकडं, पक्षी नेतात, आणि त्यांच्या वाटेत आता रस्ते, रिसॉर्ट आणि प्लॉटिंग आहे.

हानोव्हरची_मनीषा

मग करायचं काय? इकडे दक्षिणेकडच्या, उन्हाला सरावलेल्या झाडांचं बी आणून लावावं असा विचार जोरात आहे.

अनघा_क

आपल्याकडे लांबून आणायची गरजच नाही गं. एकच प्रजाती, समज जांभूळ, महाबळेश्वरच्या धुक्यात पण वाढते आणि देशावर ओढ्याकाठी चटका सोसून पण वाढते. त्या कोरड्या बाजूच्या झाडांचं बी थोडं मिसळून लावलं तर काही रोपं तगायची शक्यता वाढते. पण मी सरसकट करा म्हणणार नाही, अभयारण्याच्या गाभ्यात तर नाहीच. आधी कडेच्या उजाड भागात करून बघावं.

वृक्षारोपणाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. जुलैत खड्डा, फोटो, आणि पुढच्या मे महिन्यात तिथे कोणी फिरकत नाही. लावलेल्या रोपांपेक्षा आपोआप उगवलेल्या रोपांना पहिली तीन-चार वर्षं आगीपासून आणि गुरांपासून सांभाळणं स्वस्त पडतं आणि जगतात पण जास्त, कारण त्यांचं मूळ पिशवीत गुंडाळलेलं नसतं. आणि काका, तुमचा गुरांचा मुद्दा इथे येतो. चराई पूर्ण बंद केली की गवत माजतं आणि वणवा जोरात लागतो, चालू ठेवली तर रोप खाल्लं जातं. कापून नेलेलं गवत हा मधला मार्ग, पण गवत कापायला आता गावात माणसं कुठायत.

जंगलभाऊ

अनघाताई बरोबर बोलल्या, पण एक जोडतो. रोपवनाचा टार्गेट खड्ड्यावर मोजते, जगलेल्या रोपावर नाही मोजत तोवर हेच चालन. अन् साग-साग करून एकाच जातीचं लावलं का एका किडीनं सगळंच खाल्लं. पावसाळ्यात सागाची पानं खाणारी अळी येते तवा अख्खा डोंगर चाळणी होते. मिसळ पाहिजे, मिसळ.

ट्रेकर_निनाद

मग आपण मोजूया का? दर वर्षी आपापल्या भागातला एक छोटा तुकडा, सप्टेंबरमध्ये रोपं मोजायची आणि मे अखेर परत. किती तगली ते कळेल. मी आंबोलीच्या बाजूला करू शकतो.

डोंगरवेडा

मी तयार आहे. १० बाय १० मीटर पुरे, कोपऱ्यात चार दगड रंगवायचे, प्रत्येक प्रजातीची गुडघ्याखालची, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतची आणि त्यावरची अशी वेगळी मोजणी. गुडघ्याखालची शेकडो असतील, आकडा बघून हुरळून जाऊ नका. मधल्या गटात काय आहे ते महत्त्वाचं. शेजारी उघड्यावर एक आणि दाट सावलीत एक असे दोन तुकडे घेतले तर अजून छान.

जंगलभाऊ

थांबा पोराहो. अभयारण्यात हे परवानगीबिगर करसान तर केस होईल. मालकीच्या रानात नाहीतर देवराईत करा, देवराईत गावच्या लोकायले विचारून. वनखात्याच्या जागेत करायचं तर रेंजरले लेखी अर्ज द्या, साधं मोजमाप असन तर बहुतेक लोक मदतच करतात. अन् रोपाले खिळा-तार काही मारू नका, बाजूले बांबूची कमची ठोका, तिच्यावर नंबर.

तळकोकणी

मी देवराईत करेन, गावकार ओळखीचे आहेत. पण एक शंका. जांभळाच्या एका बियेतून कधीकधी दोन-तीन कोंब येतात, आमच्या परसात बघितलेत. ती रोपं तीन धरायची का एक?

अनघा_क

हो, जांभळात ते नेहमीच होतं, एका बियेत एकापेक्षा जास्त गर्भ असतात. एक जागा, एक रोप असं धरा, आणि बाजूला कोंब किती ते लिहून ठेवा. मे महिन्यात त्यातला एक जरी हिरवा असेल तर जगलं म्हणायचं.

तळकोकणी

ओके. गणपती झाले की सुरू करतो, तोवर फॉर्मचा नमुना कोणीतरी इथे टाका. मोबाइलवर भरता येईल असा करा, वर रेंज नसते, त्यामुळे ऑफलाइन चालायला हवा.